पलंगाखालची जागा

ॲरिझोनाच्या वाळवंटात दर हिवाळ्यात आमचा तळ पडतो. उत्तरेकडे बर्फ पडू लागले की लोक चाकांवरची घरे घेऊन इकडे उतरतात आणि वसंत सरता सरता, ऊन चावू लागले की, निघून जातात. बहुतेकांनी आपापल्या गावची घरे विकलेली असतात. ट्रकमागे ओढायचा ट्रेलर हेच आता त्यांचे घर. अशा वस्तीत माणसाची किंमत त्याच्याजवळ काय आहे यावरून होत नाही, त्याने काय सोडले यावरून होते. या मापाने आमच्या तळावर सर्वांत मोठा माणूस वेंडेल लोकेन होता.

आयोवातल्या एका शाळेत त्याने आयुष्यभर मुलांना सुतारकाम शिकवले होते. निवृत्तीनंतर त्याने आणि त्याची बायको आर्डिस हिने घर मोडले आणि ट्रेलरमध्ये राहायला सुरुवात केली. तो ट्रेलर पाहायला नवे लोक मुद्दाम येत. पायरीच्या पोटात बुटांचा कप्पा होता, जेवायच्या बाकाखाली डब्यांची रांग होती, कपाटाच्या दाराला आतून मिठा-मिरीच्या बाटल्या अडकवलेल्या होत्या. वाटेतल्या खड्ड्यांनी खण उघडू नयेत म्हणून प्रत्येक खणाला त्याने हाताने घडवलेली लाकडी खिटी होती. कुठे वीतभर पोकळी दिसली की वेंडेल खिशातली मापाची फीत काढायचा, आणि दोन दिवसांत तिथे खण बसलेला असायचा.

दर मंगळवारी दुपारी तो आपल्या मांडवाखाली नव्या लोकांना सामान कमी करायला शिकवत असे. मार्वा पहिल्यांदा आली तो मंगळवार मला आठवतो. नवरा गेल्यावर तिने एक जुनाट, पातळ पत्र्याचा लहानसा ट्रेलर घेतला होता आणि त्यात दाराशी पाऊल ठेवायला जागा नव्हती. ती केकचे एक भलेमोठे भांडे छातीशी धरून बसली होती.

"ह्याला शेवटचा हात कधी लावलात?" वेंडेलने विचारले.

"नाताळात."

"कुठल्या?"

लोक हसले. मार्वाही हसली, पण भांडे तिने सोडले नाही.

"माझ्या आईचं आहे हो ते."

"मग फोटो काढून ठेवा. फोटोला जागा लागत नाही. आणि लक्षात ठेवा, मार्वा, ह्या घरात प्रत्येक वस्तूनं दोन कामं केली पाहिजेत. आणि वस्तू जागेच्या मापाची नसेल तर जागा बदलत नाही. वस्तू कापायची."

भांडे त्याच संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या टेबलावर आले. ते टेबल आमच्या वस्तीचे देवघर म्हणावे असे आहे. नको झालेली वस्तू तिथे ठेवायची, हवी असेल त्याने न्यायची. पूर्वी लोक देऊन टाकायचे आणि अंधार पडला की गुपचूप परत न्यायला यायचे. त्यावरून भांडणे होत. म्हणून वेंडेलने एक फळी तासून, तिच्यावर निळ्या रंगाने अक्षरे काढून टेबलाच्या डोक्यावर ठोकली होती: "हवं ते न्या. दिलेलं परत मागू नका." तेव्हापासून तो नियमच झाला. टेबलावरची वस्तू परत मागणे म्हणजे आपल्याला अजून सुटता आलेले नाही हे चारचौघांत कबूल करणे. आमच्यात त्याहून लाजिरवाणे दुसरे काही नाही.

आर्डिस या मंगळवारच्या सभांना कॉफी पाजत असे. ती कमी बोलणारी बाई. तिने काय काय सोडले होते ते वेंडेलच उदाहरण म्हणून सांगायचा: शिवणयंत्र, पेटारे, नाताळची चिनीमातीची भांडी, मुलींच्या लहानपणीच्या झग्यांचे खोके. "आणि बघा, जिवंत आहे," असे म्हणून तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. ती पेल्यात कॉफी ओतत राहायची.

मार्वा आली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात इकडे उतरताना एका घाटात त्यांच्या ट्रेलरचा मागचा टायर फुटला. जीव वाचले, पण वेंडेल हादरला. नव्यांना शिकवणाऱ्या माणसाचे घर जड कसे झाले, हा प्रश्न त्याला भीतीइतकाच अपमानाचाही वाटला असावा. तळावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या बाजूच्या पलंगाची फळी उचलली. आमच्या घरांच्या भिंती पातळ असतात. माझा ट्रेलर त्यांच्या शेजारीच, आणि शेजारचे बोलणे ऐकू येते. ते ऐकू न आल्यासारखे करणे हा इथला शिष्टाचार.

"ही एक गोधडी अर्धा कप्पा खातेय, आर्डिस."

"असू दे ना."

"टायर फुटला, आर्डिस. आपण दरीत गेलो असतो. वजन उतरवायलाच हवं. ही तू अंगावर घेतेस का?"

"नाही."

"बघायला काढतेस?"

"नाही. ती नुसती आहे."

"मी तरी दुसरं काय म्हणतोय? नुसती आहे."

ही गोधडी तिच्या लग्नात चर्चमधल्या बायकांनी शिवून दिली होती. एकेका चौकोनात एकेकीने लाल दोऱ्याने आपले नाव भरले होते. मध्यभागी तिच्या आईचे नाव होते.

"त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत, वेंडेल."

"मग तर झालंच. फोटो काढून ठेव."

मग आर्डिस गोधडीची घडी दोन्ही हातांवर घेऊन, भरलेले ताट न्यावे तशी, टाकीकडे जाताना दिसली. फोटो तिने काढला नव्हता. टेबलावर घडी ठेवून तिने वरचा चौकोन हाताने सारखा केला आणि ती मागे न बघता परतली. आम्ही त्या दिवशी तिची तारीफ केली. आमच्या तळावर तशी पद्धत आहे.

रिकाम्या झालेल्या कप्प्यात वेंडेलने आठवडाभरात बोटाच्या दोन पेरांइतके उथळ खण बसवले, एकावर एक, कप्प्याच्या तळापासून फळीपर्यंत. ते दगडांसाठी होते.

दगडांचे आमच्यात कोणाला नवल नाही. इथले ओढे कोरडे असतात आणि त्यांच्या पात्रात अकीक, गारगोट्या, दगड झालेल्या लाकडाचे तुकडे सापडतात. थंडीच्या सकाळी निम्मा तळ मान खाली घालून हिंडत असतो. वेंडेल सापडलेला दगड कापायचा, घासायचा, त्याला चकाकी आणायचा आणि जाड लोकरी नमदा घातलेल्या खाचेत बेताने बसवायचा. त्याचे दगड पसरलेले कोणी कधी पाहिले नाहीत. ते बाकाच्या पाठीत होते, न्हाणीच्या भिंतीत होते, आणि आता पलंगाखाली होते. जागा म्हणून त्यांनी कधी मागितलीच नव्हती. ती वेंडेलने शोधून दिली होती.

जानेवारीत क्लेटन नावाचा वजन घेणारा येतो. त्याच्याजवळ वजनाच्या सपाट थाळ्या आहेत. त्या चाकांपुढे ठेवायच्या आणि ट्रक हळूहळू पुढे घ्यायचा, म्हणजे एकेका चाकावर किती भार बसतो ते कळते. घर प्रवासाला निघताना जसे भरलेले असते तसेच आणायचे, एवढी त्याची अट. वजनाचा दिवस म्हणजे आमची जत्रा. लोक घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन सकाळपासून बसतात. ज्याचे घर जड निघेल त्याची थट्टा करायची, त्याने ती हसून सोसायची.

त्या दिवशी वेंडेलची पाळी आली तेव्हा क्लेटननेच हाक मारली, "चला, आता बघा रे, घर कसं असावं ते!"

ट्रेलर थाळ्यांवर चढला. क्लेटन वाकला, आकडे वाचले, पुन्हा वाकला. मग तो वेंडेलजवळ जाऊन हळू बोलला. पण खुर्च्या जवळच होत्या.

"डाव्या अंगाचं मागचं चाक, वेंडेल. टायरला झेपेल त्याच्या वर गेलंय. थोडंथोडकं नाही. हे असं घेऊन घाटात जायचं नाही."

"थाळी वाकडी बसली असेल."

"पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतले. आकडा हलला नाही.

खुर्च्यांमधून डटन नावाचा एक थट्टेखोर म्हातारा ओरडला, "आर्डिस! नवऱ्याच्या पाठीमागे काय कोंबून ठेवलंयस गं पलंगाखाली?"

हशा पिकला. आर्डिस आपल्या खुर्चीत बसून होती. वेंडेलने त्या क्षणी गप्प राहायला हवे होते. त्या चाकावर कोणता कप्पा येतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पण लोक हसत होते, ते अजून त्याला हसत नव्हते, आणि त्याने ती संधी घेतली.

"काय सांगू बाबांनो," तो म्हणाला. "शाळेतली पोरं शिकली. बायको काही शिकेना."

हशा वाढला. आर्डिसने हातातला पेला जमिनीवर ठेवला.

"फळी उचलून बघू का?" क्लेटनने विचारले. हे त्याचे नेहमीचेच काम. जड चाकावरचा कप्पा तो सर्वांसमोर उघडतो, काय काढायचे ते सांगतो.

वेंडेलने काहीतरी म्हणायला तोंड उघडले, पण तोपर्यंत क्लेटन आत गेला होता. त्याने फळी उचलली, एक खण उपसला आणि दोन्ही हातांनी तोलत दारात आणून दाखवला. काळ्या नमद्यावर दगड ओळीने बसले होते. ऊन पडताच ते लखलखले. त्याने दुसरा आणला. मग तिसरा आणण्याची गरज उरली नाही.

"अरे, ह्यानं तर वाळवंटच आत भरलंय!" डटन म्हणाला. पण आता हसणारे थोडे होते.

आर्डिस उठून ट्रेलरजवळ आली. तिचा आवाज अगदी साधा होता. दुकानात भाव विचारावा तसा.

"क्लेटन, एक विचारू? गोधडीचं वजन किती भरतं हो?"

"गोधडीचं?" क्लेटन गोंधळला. "एका गोधडीचं? काटा हलायचासुद्धा नाही, आर्डिस."

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

ती पेला उचलून घरी गेली. वेंडेल दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याच्या मानेपासून कानांपर्यंत लाली चढलेली सगळ्यांनी पाहिली. कोणी त्याच्याकडे बघत राहिले नाही; आपापले थर्मास बंद करण्यात अचानक सर्वांना काम सापडले.

ही चूक आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. पक्क्या घरात जड काय आणि हलके काय हे कोणी बघत नाही. जमीन सगळे सोसते. आम्ही सतत जागेचा विचार करतो आणि त्यामुळे जे जागा खाते तेच जड, असे आम्हाला वाटू लागते. वेंडेलच्या हातात आयुष्यभर फीत होती. फितीने लांबी-रुंदी कळते. पण हे स्पष्टीकरण पुरते असे मला वाटत नाही, आणि वेंडेललाही ते पुरले नाही. कापूस हलका आणि दगड जड हे कळायला थाळ्या लागत नाहीत. आर्डिसची प्रत्येक वस्तू त्याला अडगळ दिसली होती आणि स्वतःच्या वस्तूंकडे त्याने वस्तू म्हणून कधी पाहिलेच नव्हते. शिवाय त्या दिवशी, सगळे ठाऊक असताना, त्याने चारचौघांत तिलाच पुढे केले होते. पहिली गोष्ट आंधळेपणाची होती. दुसरीला ते नाव देता येत नाही.

पुढच्या मंगळवारी मांडवाखाली खुर्च्या मांडल्या गेल्या नाहीत. वेंडेल पाणी भरायला भर दुपारी, टाकीवर कोणी नसेल तेव्हा जाऊ लागला, आणि तरीही जाताना त्या निळ्या अक्षरांच्या फळीकडे पाठ करून उभा राहायचा. दगडांना त्याने हात लावला नाही. एके दिवशी जेवताना त्याने विचारले. भिंत पातळ होती.

"कुणी नेली ती, तुला माहीत आहे?"

"मार्वानं."

"तू पाहिलंस?"

"त्याच संध्याकाळी. तिला थंडी वाजत असेल."

"मी जाऊन मागतो."

"बोर्ड तूच रंगवलायस, वेंडेल," आर्डिस म्हणाली. तिच्या स्वरात टोचणी नव्हती, आणि त्यामुळेच बहुधा तो जेवण अर्धे टाकून उठला.

तरीही तो गेला. आधी दोनदा तिच्या दारावरून नुसताच पुढे गेला. तिसऱ्यांदा मार्वानेच हाक मारली.

"काय हो, काही हरवलंय का तुमचं?"

त्याने टोपी काढली. "मार्वा, टेबलावरची एक गोष्ट परत मागायला आलोय."

ती क्षणभर बघत राहिली आणि मग खळखळून हसली. "तुम्ही? अहो, माझ्या आईचं भांडं मी त्या टेबलावरून परत उचलायला गेले होते एकदा. बोर्ड वाचला आणि हात मागे घेतला. आणि तुम्ही मागताय!"

"हो. मी मागतोय."

त्याचा चेहरा पाहून तिचे हसणे ओसरले. "काय हवंय?"

"गोधडी. नावांची."

मार्वा दारातून बाजूला झाली आणि तिने त्याला आत येऊ दिले.

तिच्या ट्रेलरच्या खिडक्या जुन्या, एकपदरी काचेच्या होत्या. रात्री त्यांतून थंडी आणि दुपारी ऊन आत घुसायचे. आता प्रत्येक खिडकीवर त्या खिडकीच्या मापाचा गोधडीचा तुकडा बसवलेला होता. कडा नीट दुमडून शिवलेल्या होत्या. बाहेरच्या उन्हामुळे कापड उजळले होते आणि लाल अक्षरे ठळक दिसत होती: ओल्गा, बोर्घिल्ड, सिग्ने. चुलीवरच्या अरुंद खिडकीसाठी एक चौकोन मधोमध कापावा लागला होता. तिथे आर्डिसच्या आईच्या नावाचा पहिला अर्धा भाग होता. उरलेला अर्धा दाराच्या काचेवर होता.

"दिवसा ऊन अडतं, रात्री थंडी," मार्वा हळूच म्हणाली. "एका वस्तूची दोन कामं. तुम्हीच सांगितलंत. मापाची नसेल तर कापायची." मग घाईने, "मला माहीत नव्हतं हो कुणाची आहे ते. मी आत्ता सगळी उतरवून देते. खरंच."

"नको," तो म्हणाला. "मला... तिला विचारू दे."

आर्डिस दुसऱ्या दिवशी स्वतःच आली. वेंडेल तिच्या मागे होता, पण पायरीच्या वर चढला नाही. दार उघडे होते. त्याला सगळे ऐकू येत होते. आर्डिस एकेका खिडकीसमोर उभी राहून नाव वाचत होती आणि मार्वाला सांगत होती. ही ओल्गा, हिचा हात असा होता की पाव कधी करपला नाही. ही सिग्ने, चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्यांदा आणि सगळ्यांत बेसूर गायची. ही बोर्घिल्ड, हिने नाव भरताना एक अक्षर गाळलं आणि मग ते वरच्या बाजूला भरलं, बघ. मार्वा एकदा हसली, एकदा तिने नाक पुसले. चुलीवरच्या खिडकीशी आर्डिस थांबली. मग ती दारापाशी आली आणि तिथल्या काचेवरच्या तुकड्यावर तिने तळहात ठेवला.

"उतरवते ना मी," मार्वा म्हणाली. "जोडून घेता येईल तुम्हाला."

"नको गं. कॉफी आहे का?"

परतताना वेंडेल म्हणाला, "मी शिवून देईन. मला जमेल. तुकडे आणतो आणि एकेक..."

"तिच्या खिडक्यांना ते बरोबर बसलेत," आर्डिस म्हणाली. "आता माझ्यासाठी तिचं घर गार करायचं का?"

आपण केलेले काहीच आपल्याला उलटे करता येत नाही, आणि तसे करू पाहणे म्हणजे आता दुसऱ्याच कोणाकडून तरी काढून घेणे आहे, हे त्याला त्या वाटेवर कळले असावे. त्याने त्यानंतर पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या आठवड्यात त्याने दगड बाहेर नेले. घमेल्यात भरून, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सकाळच्या उजेडात, कोरड्या ओढ्याच्या पात्रापर्यंत. त्याने मदत घेतली नाही. डटनने एकदा काहीतरी विनोद सुरू केला आणि अर्ध्यावरच सोडला. मी एकदा ओढ्याच्या काठाने गेलो तेव्हा वेंडेल पात्रात उभा होता. ओतलेले दगड इतर दगडांत मिसळून गेले होते. दोन-चार घासलेले चमकत होते, त्यांच्यावर त्याने बुटाने वाळू सारली.

"बघ ना," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माझं सगळं जिथलं तिथे परत जातं. काही तुटत नाही, काही फाटत नाही. तिचं मात्र..."



मंगळवारची सभा पुन्हा भरली नाही. नवे लोक विचारायला आले की तो फळीचे माप, खिटीचा कोन वगैरे सांगायचा, काय टाकावे असे विचारले की म्हणायचा, "ते मला नाही सांगता येणार." टेबलावरची निळ्या अक्षरांची फळी त्याने एके दिवशी काढली. लोकांना नियम पाठ होता, त्यामुळे फरक पडला नाही.

वसंतात निघायची वेळ आली. पलंगाची फळी उचलून वेंडेल आर्डिसला म्हणाला, "ही जागा आता तुझी. हवं ते ठेव."

तिने वरचा खण ओढला. काळ्या नमद्यावर दगडांच्या आकाराचे खळगे अजून होते. तिने त्यात हात उभा धरून पाहिला. बोटेसुद्धा पुरती बुडत नव्हती.

"ह्यात काय मावेल, वेंडेल?"

त्याने खण पुरा बाहेर ओढून पाहिला. मग तो म्हणाला, "मी उपसून टाकतो सगळे. मोकळं करून देतो. करवत आणू?"

"नको," आर्डिस म्हणाली. "असू दे तसेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. ट्रक सुरू करण्याआधी वेंडेल मागे गेला आणि प्रत्येक रिकाम्या खणाची खिटी नीट बसली आहे ना ते त्याने हाताने तपासून पाहिले.